माकडताप आला कुठून?

श्रोतेहो, नवा रोग गावात शिरला की माणूस औषधाच्याही आधी एक प्रश्न विचारतो : हा आला कुठून? आणि बहुतेक वेळा उत्तरही तयार असते. बाहेरून आला, परक्याने आणला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गलबतांच्या मागोमाग एक नवा रोग आपल्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथाने त्याला 'फिरंग रोग' असे नाव दिले. गंमत अशी, की त्याच रोगाला इटलीतले लोक फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रान्समधले लोक नेपल्सचा रोग म्हणत. प्रत्येकाचे बोट शेजाऱ्याकडे! कधी ते बोट बरोबर असते, कधी साफ चुकते. पण ते कुठे वळते यावर पुढचा बंदोबस्त ठरतो, आणि बंदोबस्त चुकला तर माणसे मरतात. म्हणून हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही.

आपल्या सह्याद्रीत असा एक रोग आहे. शास्त्रीय पुस्तकांत त्याला 'क्यासनूर जंगल रोग' म्हणतात; कानडी मुलखात 'मंगन कायिले', म्हणजे माकडांचा आजार; आणि आपल्याकडे माकडताप. गोचिडीच्या चाव्यातून होणारा हा ताप १९५७ साली प्रथम ओळखला गेला. त्याच्या उगमाचा वाद तेव्हापासून चालू आहे. या वादात सैबेरियातले पक्षी आले, अमेरिकन लष्कर आले, संसदेची समिती आली, आणि शेवटी आपले काजूचे मळेही आले. ती सगळी हकीकत आज क्रमाने पाहू.

१९५७ च्या मार्च महिन्यातली गोष्ट. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्याच्या सागर आणि सोरब तालुक्यांत, रानात माकडे मरून पडू लागली. काळ्या तोंडाची वानरे आणि लाल तोंडाची टोपीवाली माकडे, ज्यांना कोकणात केलडे म्हणतात, ती दोन्ही. त्याच सुमारास रानाजवळच्या खेड्यांतली माणसे एकाएकी तापाने फणफणू लागली. कपाळ फुटेल असे डोके दुखायचे. मान, कंबर, पोटऱ्या यांत कळा यायच्या. कोणाच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त यायचे. काही जण दगावले. आधी डॉक्टरांना वाटले, हा विषमज्वर असावा. चौकशी करता गावकऱ्यांनी सांगितले, की आदल्या वर्षी, १९५६ सालीही, असाच ताप येऊन गेला होता.

पुण्याला १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले होते. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेचे रॉकफेलर प्रतिष्ठान या दोघांनी मिळून ते काढले. आज आपण ज्या संस्थेला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतो, ती हीच. हे नाव तिला १९७८ साली मिळाले. माकडे मरताहेत हे कानावर येताच केंद्राचे लोक धावले, आणि धावण्यासारखे कारणही होते. दक्षिण अमेरिकेत पीतज्वराची साथ यायची असली, की आधी रानातली माकडे मरतात. भारतात पीतज्वर कधी आलेला नाही, पण तो पसरवणारा डास मात्र आपल्या घराघरांत आहे. तेव्हा पीतज्वर खरोखरच शिरला असता, तर काय अनर्थ ओढवला असता याची कल्पना करा.

केंद्राचे संचालक टेलफर्ड वर्क, त्यांचे सहकारी हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि त्यांच्याबरोबरचे भारतीय शास्त्रज्ञ यांनी रान पालथे घातले. सोरब तालुक्यातल्या क्यासनूर नावाच्या रानातल्या माकडाकडून विषाणू हाती लागला, आणि त्या रानाचेच नाव रोगाला मिळाले. पीतज्वर नव्हे, एवढे लवकरच कळले. डासांचाही दोष नव्हता. दोष होता गोचिडीचा. पण एक कोडे सुटले आणि दुसरे उभे राहिले.

हा विषाणू ज्या कुळातला निघाला, त्या कुळातली ठाऊक असलेली मंडळी राहणार कुठली? तर रशियाची! १९३७ साली लेव्ह झिल्बर यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत शास्त्रज्ञांनी सैबेरियाच्या पूर्व टोकाला एका मेंदूज्वराचा शोध लावला होता. तोही गोचिडीच्या चाव्याने व्हायचा. पुढे पश्चिम सैबेरियात ओम्स्क शहराच्या परिसरात रक्तस्राव करणारा एक ताप सापडला. त्याची लक्षणे तर आपल्या माकडतापाशी बरीच मिळतीजुळती. आता सांगा, बर्फातल्या सैबेरियाचा भाऊबंद मलनाडाच्या दमट रानात आला कसा?

सैबेरियाहून दर हिवाळ्यात आपल्याकडे येतात ते पक्षी. बदके, टिटव्यांच्या जातीचे पाणपक्षी, धोबी, असे लक्षावधी पाहुणे थंडीत उतरतात आणि उन्हाळा लागला की परत जातात. त्यांच्या अंगावर, पिसांत एखादी गोचीड चिकटून आली असेल, आणि तिच्याबरोबर विषाणू आला असेल, असा तर्क पुण्याच्या शास्त्रज्ञांनी केला. तर्क वेडगळ नव्हता. पक्षी हजारो मैल उडतात हे खरे, गोचिडी पक्ष्यांना चिकटतात हेही खरे. शिवाय रोगाचा मोसम हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा. म्हणजे पाहुण्यांच्या मुक्कामाशी तो बराचसा जुळत होता.

तर्क कितीही सुबक असला तरी तो तपासून पाहावा लागतो. १९५९-६० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हे काम अंगावर घेतले. डॉ. सलीम अली त्याचे प्रमुख. कच्छमध्ये, भरतपूरला आणि इतरत्र जाळी लावून पक्षी धरायचे, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी वेचायच्या, पायात हलकीशी धातूची कडी घालायची आणि पक्षी सोडून द्यायचा. कडीवर क्रमांक असे, आणि मुंबईच्या सोसायटीला कळवा असा इंग्रजी मजकूर असे. पुढे तो पक्षी कुठे सापडला आणि कोणी कळवले, की त्याची वाट समजायची. या कामातून पक्ष्यांच्या प्रवासाविषयी आपल्याला अमोल ज्ञान मिळाले. पण ज्या कामासाठी ते सुरू झाले, त्याचे काय? दूरदेशच्या पाहुण्यांनी माकडतापाचा विषाणू आणला, असा पुरावा काही मिळाला नाही. आणखी एक अडचण होती. माकडताप मुख्यतः ज्या जातीची गोचीड पसरवते, ती सैबेरियात नसतेच; ती आपल्या दक्षिण आशियाकडच्या रानांतली रहिवासी. रशियातल्या रोगावरची लस मलनाडातल्या लोकांना टोचून पाहिली, तिचाही उपयोग झाला नाही. म्हणजे कूळ एक, पण भाऊ वेगळे.

इथपर्यंत वाद शास्त्राचा होता. आता त्यात राजकारण आले.

पक्ष्यांच्या या अभ्यासाला पुढे अमेरिकन लष्कराच्या वैद्यकीय संशोधन विभागाकडूनही पैसा मिळू लागला. ते दिवस शीतयुद्धाचे होते. पक्षी कोणत्या वाटेने कोणत्या देशात जातात, त्यांच्याबरोबर कोणते जंतू जाऊ शकतात, ही माहिती लष्कराला कशाला हवी? असा प्रश्न कोणाच्याही मनात येणारच. १९७४ साली एका वृत्तसंस्थेने परदेशी पैशावर चालणाऱ्या अशा संशोधनांची बातमी दिली आणि देशभर गदारोळ उठला. संसदेच्या लोकलेखा समितीने चौकशी करून १९७५ साली आपला १६७ वा अहवाल दिला. पक्ष्यांचा अभ्यास, डासांच्या पैदाशीवरचे प्रयोग, अशी बरीच प्रकरणे तिने तपासली आणि परदेशी लष्कराशी संबंध असलेल्या कामांना आंधळेपणाने परवानगी दिल्याबद्दल कडक शब्द वापरले.

समितीचा मुद्दा महत्त्वाचाच होता. आपल्या देशात कोण कशासाठी काय गोळा करतो, हे आपल्याला कळलेच पाहिजे. पण त्या गदारोळात दोन प्रश्नांची सरमिसळ झाली. 'या माहितीचा कोणी दुरुपयोग करील काय?' हा एक प्रश्न, आणि 'हा रोग कोणी मुद्दाम आणला काय?' हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला आधार होता. दुसऱ्याला नव्हता. तो आरोप कधीच सिद्ध झाला नाही, आणि साधा काळाचा हिशेब केला तरी तो टिकत नाही. रोग ओळखला गेला १९५७ साली, पक्ष्यांचा अभ्यास सुरू झाला त्यानंतर. लेक आधी जन्मली आणि आई मागून, असे कधी होते का?

यावर कोणी म्हणेल, पुण्याचे केंद्र तर १९५२ सालचे. त्यात अमेरिकन पैसा होता आणि पाच वर्षांत रोग उद्भवला! शिक्षक मित्रांनो, वर्गात काकतालीय न्याय शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फांदी मोडली असे होत नाही. केंद्र निघाले म्हणून रोग आला, यापेक्षा केंद्र निघाले म्हणून रोग ओळखता आला, हेच अधिक संभवनीय आहे. १९५६ चा ताप विषमज्वर म्हणून खपून गेला. त्याआधीचे किती ताप कोणकोणत्या नावाखाली खपून गेले असतील, कोणी मोजले?

याला थोडा पुरावाही आहे. माणसाला एखादा विषाणूजन्य आजार होऊन गेला, की त्याच्या रक्तात त्या विषाणूशी लढणारे घटक राहतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. चोर पळून गेला तरी उंबऱ्यावर पाऊल राहते, तसे हे. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी १९५२ च्या सुमारास देशाच्या निरनिराळ्या भागांतून रक्ताचे नमुने घेतले होते. त्यांतल्या कच्छ-सौराष्ट्राकडच्या काही नमुन्यांत या गोचीड-विषाणूंच्या कुळाशी जुळणारी प्रतिपिंडे आढळली. म्हणजे शिमोग्याची माकडे मरण्याच्या पाच वर्षे आधी, आणि तिथून शेकडो मैल दूर! मात्र एक सावधगिरी बाळगली पाहिजे. एका कुळातल्या भावाभावांची पावले सारखी दिसतात. तेव्हा तो माकडतापाचाच विषाणू होता असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण या कुळातले कोणीतरी पश्चिम भारतात आधीपासून वावरत असावे, असा संशय घ्यायला जागा आहे.

मग १९५७ सालीच भडका का उडाला? याचे उत्तर शोधणाऱ्यांत जॉर्ज बॉशेल हे कोलंबिया देशाचे शास्त्रज्ञ महत्त्वाचे. पीतज्वराच्या अभ्यासात त्यांचे आयुष्य गेले होते. १९६९ साली त्यांनी मलनाडाच्या रानाचा हिशेब मांडला. त्यांचे म्हणणे समजायला आधी गोचिडीचा संसार समजून घेतला पाहिजे.

ही गोचीड आयुष्यात तीन जेवणे जेवते, आणि प्रत्येक जेवण वेगळ्या यजमानाकडे. अंड्यातून निघालेली बारीक पिल्ले पावसाळा सरता सरता पाचोळ्यात पसरतात आणि उंदीर, चिचुंद्री, खार, जमिनीवर चरणारे पक्षी, माकडे यांच्या अंगाला चिकटतात. पोट भरले की गळून पडतात, कात टाकतात आणि अर्धवाढीच्या होतात. साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत या अर्धवाढीच्या गोचिडी रानात असतात, आणि माणसाला चावतात त्या मुख्यतः याच. मोहरीएवढ्या, पटकन दिसतही नाहीत. पुन्हा एकदा पोट भरले की त्या पूर्ण वाढीच्या होतात. पूर्ण वाढलेली मादी पावसाळ्यात मोठे जनावर शोधते. पूर्वी रानात ते जनावर म्हणजे सांबर किंवा गवा. आणि आता? आता आपली गाय, आपली म्हैस. तिचे रक्त पिऊन मादी जमिनीवर पडते आणि ढिगाने अंडी घालते.

यात गुरांचा वाटा कसा तो ध्यानात घ्या. गुरांना हा ताप येत नाही, गुरांमुळे विषाणू वाढतो असेही नाही. पण गुरांमुळे गोचिडी वाढतात. बॉशेल म्हणाले, विषाणू या रानात मुळातच होता. उंदीर, चिचुंद्री आणि गोचिडी यांच्यात तो निमूटपणे फिरत होता. माणूस वाढला, रानाच्या कडेला भातशेती सरकली, दाट रान विरळ झाले, त्या जागी घाणेरीची जाळी माजली आणि त्यांत गावची गुरे चरू लागली. गोचिडींना सुगी आली. मग विषाणू माकडांपर्यंत पोचला. माकडाच्या रक्तात तो भराभर वाढतो. त्याच्या अंगावरच्या शेकडो गोचिडी एकदम विषारी होतात, आणि माकड मरून पडले की त्या सगळ्या त्या झाडाखाली उतरतात. तिथून लाकडाला, पाल्याला, जनावर शोधायला जाणारा माणूस फक्त एक पाऊल दूर राहतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो ऐकण्यासारखा आहे. जुना विषाणू आणि त्याचा जुना यजमान यांच्यात बहुधा तडजोड झालेली असते. आपण ज्याच्या घरी राहतो त्याला मारून चालत नाही. मग माकडे अशी धडाधड का मेली? विषाणू त्यांना नवा होता म्हणूनच ना? उत्तर असे, की त्याचे खरे घर माकड नाहीच. घर आहे गोचीड, उंदीर आणि चिचुंद्री यांचे; तिथे तो गुण्यागोविंदाने राहतो. माकड हे माणसासारखेच वाटेत सापडलेले. हे उत्तर पुष्कळांना पटते, सगळ्यांना नाही.

बॉशेल यांच्या म्हणण्याला १९८३ साली फार महाग किमतीचा दाखला मिळाला. दक्षिण कन्नड जिल्ह्यात बेळ्तंगडी तालुक्यात पट्रमे नावाचे गाव आहे. तिथे काजूची लागवड करण्यासाठी जुने रान तोडण्यात आले. पाठोपाठ माकडताप उसळला. हजारावर माणसे आजारी पडली, शंभरावर दगावली. गावकऱ्यांचे म्हणणे होते, की रान तोडल्यामुळे राखणीचे देव कोपले. मार्क निक्टर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने या साथीवर १९८७ साली निबंध लिहिला आणि माकडतापाला विकासातून आलेला आजार म्हटले. देवाचा कोप म्हणा की गोचिडीचा संसार म्हणा, रानाला हात लावला म्हणून हे झाले, एवढ्यापुरते गावकरी आणि शास्त्रज्ञ एका जागी आले होते.

आता गेल्या काही वर्षांत या वादात एक नवे साधन आले आहे : विषाणूची जनुके वाचणे. हे कसे चालते ते आपल्या ज्ञानेश्वरीच्या उदाहरणाने सांगतो. पोथीची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून चुका होतात. त्या नकलेची नक्कल झाली की त्यांत आणखी भर पडते. एकनाथ महाराजांना शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत तयार करावी लागली, ती यामुळेच. दोन पोथ्यांत फरक किती आहेत आणि चुका साधारण किती वेगाने साचतात हे ठाऊक असले, तर त्या दोघींची मूळ पोथी किती जुनी याचा अंदाज बांधता येतो. विषाणूही आपली नक्कल करताना चुकत जातो.

तुलनेला दुसरी पोथी मिळाली अरबस्तानात. १९९५ साली सौदी अरेबियातल्या जेद्दा शहरात एका खाटकाच्या रक्तात विषाणू सापडला. त्याला अलखुर्मा म्हणतात. उंट-मेंढ्यांच्या गोचिडींशी त्याचा संबंध आहे, आणि तो आपल्या माकडतापाच्या विषाणूचा अगदी सख्खा भाऊ निघाला. रशियातल्या मंडळींपेक्षा कितीतरी जवळचा. म्हणजे शास्त्रज्ञांची नजर उत्तरेकडे लागली होती आणि भाऊ निघाला पश्चिमेकडे, अरबी समुद्रापलीकडे!

हे भाऊ वेगळे कधी झाले? इथे पुन्हा वाद. २००९ साली पुण्याच्या संस्थेतल्या संशोधकांनी पन्नास वर्षांत जमवलेले ४८ विषाणू तपासून मांडले, की या कुळाचा मूळपुरुष फार जुना नाही, १९४२ च्या आसपासचा असावा. आणि तो दूरदूर पसरण्यात पक्ष्यांचा हात असू शकेल. दोनच वर्षांनी, २०११ साली, अमेरिकेतल्या संशोधकांनी विषाणूंची पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी जनुके वाचून सांगितले, की भारतीय आणि अरबी शाखा सुमारे सातशे वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. कुठे १९४२ आणि कुठे देवगिरीच्या यादवांचा अस्तकाळ! दोघेही एकाच तऱ्हेचे घड्याळ वापरत होते; फरक होता किती पाने वाचली आणि चुकांचा वेग किती धरला यांत. पोथीची सगळी पाने वाचणाऱ्याचा अंदाज अधिक भरवशाचा असे मला वाटते, पण शेवटचा शब्द अजून कोणी उच्चारलेला नाही.

याच काळात चीनमधूनही एक बातमी आली. १९८९ साली युनान प्रांतातल्या एका रुग्णाकडून मिळालेला विषाणू माकडतापाचाच आहे, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. पण तो १९५७ सालच्या शिमोग्याच्या विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. बत्तीस वर्षे नक्कल चालू आहे आणि चूक एकही नाही, असे कसे होईल? त्यामुळे प्रयोगशाळेतच नमुन्यांची गल्लत झाली असावी, अशी शंका घेतली गेली. पुरावा फार सुंदर जुळला, तर त्याकडेही डोळसपणे पाहावे लागते, ते असे.

आता आपल्या दाराशी येऊ. कित्येक वर्षे हा रोग कर्नाटकापुरताच समजला जाई. २०१२ नंतर तो निलगिरीकडे आणि वायनाडकडे दिसला. २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावी माणसे आजारी पडली. २०१६ च्या सुरुवातीला सिंधुदुर्ग जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यातल्या केर आणि आसपासच्या गावांत साथ आली. शंभराहून अधिक लोकांना लागण झाल्याचे तपासणीत सिद्ध झाले. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या बाजूला रुग्ण मिळाले. काजूच्या बागांत काम करणारे लोक यात पुष्कळ. आणि पुन्हा तोच जुना प्रश्न : हा इथे आला, की इथेच होता आणि आता ओळखू आला?

पुण्याच्या संस्थेने १९५७ ते २०१७ या काळातले विषाणू ताडून २०२० साली याचे उत्तर दिले. कोकण आणि गोव्यातला विषाणू कर्नाटकाकडून इकडे सरकलेला दिसतो, आणि अलीकडच्या विषाणूंची ही फांदी १९८० च्या सुमारास जुन्या फांदीपासून फुटली. म्हणजे घाटाच्या कडेकडेने तो उत्तरेला चालत आला आहे. कोणाच्या अंगावर बसून आला, माकडाच्या, पाखराच्या, की गुरांच्या, हे ठरायचे आहे.

आता एकूण हिशेब करू. मूळ विषाणू कुठला, हा एक प्रश्न. आणि साथ का येते, हा दुसरा. या दोहोंची गल्लत झाली म्हणूनच वाद एवढा लांबला. पहिल्या प्रश्नात अरबस्तान आहे, शेकडो वर्षांचा काळ आहे आणि अजून काही काळोख आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र बरेचसे आपल्या पायाखाली आहे : रानाची तुटलेली कड, त्यात चरणारी गुरे, पाचोळ्यातली गोचीड आणि मेलेले माकड. पाखरे येतील आणि जातील, त्यांना आपण अडवू शकत नाही. पायाखालचा बंदोबस्त मात्र आपल्या हातात आहे.

तो करण्याची निकड आहे, कारण या रोगावर नेमके औषध नाही. रुग्णाला वेळेवर दवाखान्यात नेऊन सांभाळणे हाच उपाय. शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात; काहींचा ताप उतरून आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा उलटतो. कर्नाटकात बरीच वर्षे टोचली जाणारी लस पुरेसा गुण देईना, म्हणून २०२२ साली ती बंद करावी लागली. तेव्हा मोसमात रानात जाताना अंगभर कपडे घालावेत, उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारे तेल लावावे, पाचोळ्यावर बसू नये. घरी आल्यावर कडकडीत पाण्याने, साबण लावून आंघोळ करावी, कपडे गरम पाण्यात टाकावेत. गुरांच्या गोचिडींचा बंदोबस्त पशुवैद्याला विचारून करावा. आजारी माणसाला मात्र वाळीत टाकू नये; हा ताप माणसापासून माणसाला होत नाही.

आणि सर्वांत मोठी गोष्ट मेलेल्या माकडाची. त्याला हात लावू नका, ओढून दूर टाकू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा. शिक्षक मित्रांनो, रानाकडेच्या शाळांतल्या मुलांना हे तुम्ही शिकवू शकता. बागेत कुठे काय पडले आहे, हे गावात सर्वांच्या आधी मुलांनाच कळते. १९५७ साली शास्त्रज्ञांना वाट दाखवली ती मेलेल्या माकडांनी आणि 'गेल्या वर्षीही असाच ताप होता' असे सांगणाऱ्या खेडुतांनी. ते सांगणे एक वर्ष आधी कोणाच्या कानावर गेले असते, तर काही घरांतले दिवे विझले नसते.